मेइजी सम्राटानं स्वतः नेमकं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : पाठ्यपुस्तकात ‘मेइजी सम्राटाने जपानचे आधुनिकीकरण केले’ असं एका वाक्यात उरकलेलं असतं. दुसरीकडे वाचावं तर तो गादीवर आला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि सारा कारभार इतरांच्या हाती होता. मग त्याचं श्रेय किती? आणि राजा एवढा सुधारक होता, तर पुढे तो देश लष्कराच्या हाती कसा गेला?

आधुनिक आशियाचा इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि जपानबद्दल सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं मत आधीच सांगून टाकतो. रेल्वे, शाळा, सक्तीची सैन्यभरती, जमीन महसूल, राज्यघटना यांतली एकही योजना सम्राटानं आखलेली नाही. तरीही त्याला बाहुलं म्हणणं चूक आहे. योजना आखणारे लोक आपसात अडून बसत, तेव्हा तोडगा त्याच्या शब्दानं निघे. आणि ज्या जनतेच्या गळी हे बदल उतरवायचे होते, तिच्यासमोर त्याचंच नाव पुढे केलं जाई. ही ताकद त्याला गादीबरोबर आयती मिळाली नव्हती. पहिली दहा वर्षं नुसतं त्याचं नाव वापरलं गेलं. माणूस मागाहून घडला. म्हणून या प्रश्नाचं उत्तर देताना आधी साल विचारावं लागतं.

मेइजी सम्राटाचं स्वतःचं नाव मुत्सुहितो. त्याचा जन्म ३ नोव्हेंबर १८५२ रोजी क्योटोत झाला. आई नाकायामा योशिको ही सम्राट कोमेइची उपपत्नी. मुलाची पहिली काही वर्षं आजोळीच गेली. सम्राट तेव्हा क्योटोच्या राजवाड्यात जवळजवळ बंदिस्त असे आणि राज्य एदोहून (आजच्या टोकियोहून) तोकुगावा घराण्याचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, करी. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांच्यावरून आपल्याला थोडा अंदाज येतो. मात्र जपानी सम्राटाच्या हातून सत्ता जाऊन कित्येक शतकं लोटली होती आणि तरीही तो सूर्यदेवी अमातेरासूचा वंशज म्हणून पूज्य होता. सत्ता नाही पण मान अबाधित, ही स्थिती पुढे फार कामाला आली.

मूल आठ महिन्यांचं असताना, जुलै १८५३ मध्ये, अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या उपसागराच्या तोंडाशी उरागाला येऊन उभा राहिला. पाठोपाठ १८५८ चे करार झाले. त्यांनुसार परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालवता येईना आणि आयात मालावर किती जकात बसवायची हेही जपानच्या हाती उरलं नाही. शोगुनच्या सरकारनं या करारांसाठी सम्राटाची संमती मागितली, ती मिळाली नाही, तरी सह्या करून टाकल्या. पारडं फिरलं ते इथे. शोगुनला विरोध करणाऱ्यांना आता सम्राटाचं नाव घेता येऊ लागलं. कोमेइ स्वतः परदेशीयांचा कट्टर द्वेष्टा होता, पण शोगुनशाही मोडावी असं त्याला वाटत नव्हतं. जानेवारी १८६७ मध्ये तो देवीच्या रोगानं गेला आणि मुत्सुहितो सम्राट झाला.

पुढच्याच वर्षी, ३ जानेवारी १८६८ रोजी, सत्सुमा आणि चोशू या दोन बलाढ्य संस्थानांच्या बाजूच्या लोकांनी राजवाड्याचे दरवाजे ताब्यात घेतले आणि सम्राटाची सत्ता पुन्हा स्थापन झाल्याचं जाहीर केलं. त्या रात्री वाड्यातल्या एका दालनात बैठक भरली. मुलगा पडद्याआड बसलेला होता. तोसा संस्थानच्या यामाउची योदोनं भर बैठकीत आक्षेप घेतला : काही दरबारी लोक पोरवयाच्या सम्राटाला पुढे करून सत्ता बळकावत आहेत. त्यावर इवाकुरा तोमोमी या दरबारी सरदारानं त्याला सम्राटासमोर असं बोलणं शोभत नाही म्हणून खडसावलं, असं परंपरेनं सांगितलं जातं. विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. तुम्ही विचारलेला प्रश्न त्या पहिल्याच रात्री, खुद्द सम्राटाच्या समोर विचारला गेला होता. आणि योदोचं म्हणणं खरं होतं.

एप्रिल १८६८ ची पाच कलमांची शपथ ही या काळाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. विचारविनिमयासाठी सभा भराव्यात, जुन्या वाईट रूढी सोडाव्यात, जगभरातून ज्ञान मिळवून साम्राज्याचा पाया भक्कम करावा, अशा आशयाची ती कलमं. मसुदा युरी किमिमासा आणि फुकुओका ताकाचिका यांचा, त्यावर हात फिरवला किदो ताकायोशीनं, आणि समारंभात ती मोठ्यानं वाचली सान्जो सानेतोमीनं. सम्राट फक्त उपस्थित होता. मग सरदारांनी एकेक करून खाली सह्या केल्या. पण सम्राटाच्या नावानं घेतलेली शपथ मागे घेता येत नाही. दहा वर्षांनी लोकहक्कांची चळवळ उभी राहिली, तेव्हा त्या लोकांनी याच शपथेचं पहिलं कलम सरकारच्या तोंडावर फेकलं : सभा भरवू म्हणाला होतात, भरवा. थेट १ जानेवारी १९४६ ला, पराभवानंतर, सम्राट हिरोहितोनं आपल्या घोषणेची सुरुवात याच पाच कलमांनी केली. सही करणाऱ्यांनी एवढा दूरचा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

त्या शरद ऋतूत सम्राटाची पालखी क्योटोहून निघाली आणि तोकाइदो मार्गानं तीनेक आठवड्यांनी एदोला पोचली. शहराचं नाव तोवर टोकियो झालं होतं. शोगुनशाही गेल्यामुळे संस्थानिक आपापल्या गावी परतले होते आणि त्यांच्यावर पोट असलेलं ते शहर ओस पडू लागलं होतं. तिथे सम्राटाच्या नावानं साके, म्हणजे तांदळाची दारू, वाटली गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं वाटेत पहिल्यांदा पॅसिफिक महासागर पाहिला. तोवर त्याच्या कुठल्याही पूर्वजाला हे शक्य झालं नव्हतं, कारण कित्येक पिढ्या सम्राट क्योटोच्या परिसराबाहेर पडलेच नव्हते.

आता ज्या घटनेला मी साऱ्या मेइजी काळाची खरी किल्ली मानतो तिच्याकडे येतो. २९ ऑगस्ट १८७१ रोजी टोकियोत हजर असलेल्या दाइम्योंना, म्हणजे संस्थानिकांना, वाड्यात बोलावलं गेलं आणि राजाज्ञा वाचून दाखवली गेली : संस्थानं बरखास्त, त्यांच्या जागी सरकारी जिल्हे. २६० हून अधिक संस्थानं एका हुकमानं संपली. युरोपात अशा गोष्टीसाठी शतकभर लढाया झाल्या असत्या. इथे लढाई झाली नाही, याची कारणं व्यवहारी होती. सत्सुमा, चोशू आणि तोसा यांचं आठ-दहा हजारांचं सैन्य आधीच टोकियोत आणून ठेवलेलं होतं. संस्थानांची कर्जं सरकारनं स्वतःवर घेतली आणि संस्थानिकांना घसघशीत तनखा बांधून दिला. बरेचसे तर आतून सुटलोच म्हणाले असतील. पण या सगळ्याच्या वर आणखी एक गोष्ट होती. सरकार चालवणारे ओकुबो तोशिमिची किंवा किदो हे कालपर्यंतचे मध्यम दर्जाचे सामुराई, म्हणजे संस्थानिकांच्या पदरचे योद्धे. त्यांनी हुकूम सोडला असता तर एखाद्या मोठ्या संस्थानिकानं तो मानण्याचा प्रश्नच नव्हता. सम्राटाच्या पायाशी जमीन परत ठेवण्यात मात्र कुणाचीच मानहानी नव्हती. सम्राटानं १८७१ पर्यंत जे ‘केलं’ ते एवढंच, आणि ते फार मोठं होतं : त्याच्या असण्यामुळे बड्यांना अब्रू राखून माघार घेता आली.

त्याच वर्षी सत्सुमाचा नेता साइगो ताकामोरी आणि मंडळींनी वाड्यातली व्यवस्था बदलली. अंतःपुरातल्या स्त्रियांच्या हातून मुलाला काढून त्याच्याभोवती सामुराई आणले. घोडेस्वारी सुरू झाली आणि ती त्याला मनापासून आवडली. मग जनतेला जे करायला लावायचं ते आधी त्याच्याकडून करवून घेण्याचा सपाटा लागला. जानेवारी १८७२ मध्ये त्यानं गोमांस खाल्लं आणि ही बातमी बाहेर पोचेल अशी व्यवस्था केली गेली. ऑक्टोबर १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा हा पहिला लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा तो स्वतः गाडीत बसून गेला. मार्च १८७३ मध्ये त्यानं शेंडी कापली. त्याच महिन्यात सम्राज्ञी हारुकोनं दात काळे करणं आणि भुवया काढून टाकणं सोडलं. उचिदा कुइचीनं काढलेले त्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. १८७२ च्या फोटोत दरबारी पोशाखातला एक अवघडलेला मुलगा आहे. १८७३ च्या फोटोत तोच मुलगा कलाबतूच्या गणवेशात, केस कापलेला, तलवार घेऊन खुर्चीत बसला आहे आणि पिसांची टोपी शेजारच्या टेबलावर ठेवलेली आहे. मधे जेमतेम दीड वर्ष गेलं आहे.

सम्राज्ञीबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून दोन ओळी. सरकारनं १८७२ मध्ये तोमिओकाला रेशमाची पहिली मोठी वाफेवरची गिरणी काढली, पॉल ब्रुना या फ्रेंच माणसाच्या देखरेखीखाली. पण कामाला मुली येईनात. हे परदेशी लोक रक्त पितात, अशी अफवा पसरली होती. लोकांनी त्यांना लाल वाइन पिताना पाहिलं होतं. मग अधिकाऱ्यांनी स्वतःच्या मुली पाठवल्या, सामुराई घरांतल्या मुली आल्या. १८७३ मध्ये सम्राज्ञी आणि राजमाता दोघी तोमिओकाला गेल्या आणि चरख्यांवर सूत ओढणाऱ्या मुलींच्या रांगांमधून फिरून आल्या. हारुको वाड्यात स्वतः रेशमाचे किडे पाळत होती. रेशीम हा त्या काळी जपानच्या निर्यातीचा कणा. राजघराण्याची प्रतिष्ठा कारखान्याच्या दारात नेऊन ठेवण्याचं हे काम सम्राटापेक्षा तिनं अधिक समजून केलं, असं माझं मत आहे.

हे सगळं लोकांनी हसतमुखानं स्वीकारलं अशी समजूत करून घेऊ नका. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गावात एकही कुटुंब निरक्षर नसावं, कुटुंबात एकही माणूस निरक्षर नसावं असं ध्येय होतं, पण शाळेचा खर्च आणि फी गावानंच भरायची होती. लोकांनी शाळा जाळल्या. सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगे झाले. १८७३ मध्ये महसूल जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के ठरला, तोही रोख. पीक बुडालं तरी सूट नाही. इसेच्या आसपास १८७६ मध्ये मोठा उठाव झाला आणि पुढच्या वर्षी सरकारला तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला. जपानच्या रेल्वे, तारायंत्रं आणि गिरण्या आधी या शेतकऱ्याच्या खिशातून उभ्या राहिल्या. सम्राटाच्या भूमिकेबद्दल बोलताना हा माणूस नजरेआड होऊ नये.

याच काळात सम्राटाला देशभर फिरवलं गेलं. १८७२ ते १८८५ या काळात सहा मोठे दौरे झाले. दौऱ्यांमागचा हेतू लोकांना सम्राट दिसावा हा होता, पण परिणाम उलट बाजूनंही झाला : सम्राटाला देश दिसला. १८७८ च्या होकुरिकु दौऱ्यात त्यानं शाळा पाहिल्या आणि तो अस्वस्थ झाला. मुलं इंग्रजीत भाषणं ठोकत होती, पण त्याचा अर्थ जपानीत सांगा म्हटल्यावर गप्प होत होती. शेतकऱ्यांची मुलं मोठमोठे सिद्धांत घोकत होती आणि शेतीबद्दल काही सांगू शकत नव्हती. परतल्यावर त्याचा कन्फ्यूशियन गुरू मोतोदा नागाझाने यानं त्याच्या वतीनं टिपण तयार केलं : पाश्चात्त्यांच्या मागे लागून निष्ठा, मातापित्यांचा मान हे सारं मागे पडतंय. सरकारातला प्रमुख मंत्री इतो हिरोबुमी यानं त्याला लेखी विरोध केला. सरकारनं धर्ममत ठरवून शिकवू नये, अशी त्याची भूमिका होती. वाद दहा वर्षं धुमसत राहिला आणि ३० ऑक्टोबर १८९० च्या शिक्षणविषयक राजाज्ञेत मोतोदाची बाजू बरीचशी जिंकली. ही राजाज्ञा आणि सम्राटाचं चित्र शाळाशाळांत पूज्य वस्तूसारखं जपलं जाऊ लागलं. ज्याला आपण सुधारक राजा म्हणतो त्याचा स्वतःचा, वैयक्तिक म्हणावा असा वाटा इथे सर्वांत ठळक दिसतो आणि तो सुधारणेला लगाम घालणारा आहे. स्वभावानं तो जुन्या वळणाचाच होता. वाड्यातल्या आपल्या खोल्यांत विजेच्या दिव्यांपेक्षा मेणबत्त्या पसंत करायचा, फोटो काढून घ्यायला नाखूश असायचा. शाळांमध्ये गेलेलं ते प्रसिद्ध चित्रही किओस्सोने या इटालियन कलाकारानं १८८८ मध्ये त्याला आडून न्याहाळून काढलेलं आहे.

आता १८८० कडे या, कारण बाहुल्याचा सिद्धांत इथे टिकत नाही. पुढे सरकारविरुद्ध उठलेल्या साइगोचं बंड मोडायला झालेल्या खर्चानं तिजोरी खिळखिळी झाली होती, नोटांचा भाव घसरला होता. अर्थखातं सांभाळणाऱ्या ओकुमा शिगेनोबुनं लंडनमध्ये पाच कोटी येनचं कर्ज काढायची सूचना केली. मंत्री आणि सल्लागार सरळ दोन तटांत विभागले गेले. अशा वेळी निर्णय सम्राटाकडे गेला. त्याचं वय सत्तावीस. त्यानं कर्ज नाकारलं आणि काटकसरीचा हुकूम दिला. या नकारामागे एक संभाषण होतं. आदल्या वर्षी, ऑगस्ट १८७९ मध्ये, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट टोकियोत आले होते. हामा राजबागेतल्या भेटीत त्यांनी सम्राटाला सांगितलं होतं की सगळ्यांत जास्त टाळायची गोष्ट म्हणजे परदेशी कर्ज; बलाढ्य देश दुबळ्यांना कर्ज देतात ते त्यांना कह्यात घेण्यासाठी. इजिप्तची कर्जापायी काय गत झाली होती ते जगासमोर होतं. सम्राटाला ते बोलणं लक्षात राहिलं. पुढे अर्थमंत्री मात्सुकाता मासायोशीनं कडक काटकसर करून चलन सावरलं. शेतमालाचे भाव कोसळले आणि हजारो शेतकरी जमिनी गमावून बसले, हेही त्याच निर्णयाचं फळ. पण जपान सावकाराच्या दारी गेलं नाही.

हाच माणूस १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे सम्राटाच्या सल्लागार मंडळात, राज्यघटनेच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना जवळजवळ प्रत्येक बैठकीला येऊन बसत होता. मसुदा इतोचा, त्यासाठी तो बर्लिनमध्ये ग्नाइस्ट आणि व्हिएन्नात लोरेन्झ फॉन श्टाइन या कायदे-राज्यशास्त्राच्या पंडितांकडे शिकून आला होता. सम्राट चर्चेत बोलत नसे. ऐकत असे, आणि न समजलेलं इतोला नंतर बोलावून विचारत असे. एका बैठकीच्या वेळी त्याचा तान्हा मुलगा गेल्याची बातमी आली. इतोनं बैठक थांबवू का विचारलं, तर चालू विषय संपवूनच तो उठला, अशी तिथल्या लोकांची आठवण आहे. ११ फेब्रुवारी १८८९ ला त्यानं घटनेची प्रत पंतप्रधान कुरोदा कियोताकाच्या हाती दिली. चौथ्या कलमात लिहिलं होतं की सम्राट सार्वभौम सत्ता घटनेच्या तरतुदींनुसार चालवेल. त्याच्या वडिलांना हे वाक्य कळलंसुद्धा नसतं. बावीस वर्षांत इतकं अंतर कापलं गेलं. तरी मतदार होते अवघे साडेचार लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. लोकशाही हा शब्द इथे जपून वापरावा.

संसद सुरू झाली आणि सरकारशी तिचं पहिल्या दिवसापासून जुंपलं. १८९३ मध्ये खालच्या सभागृहानं युद्धनौकांचा खर्च कापून टाकला आणि गाडं पूर्ण अडलं. त्या फेब्रुवारीत सम्राटानं आज्ञापत्र काढलं : वाड्याच्या खर्चातून सहा वर्षं दर वर्षी तीन लाख येन नौदलाला मिळतील आणि मुलकी-लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या पगाराचा दहावा हिस्सा द्यावा. आता संसदेनंही समजुतीनं घ्यावं. स्वतः खिशात हात घातलेल्या राजाला नाही म्हणणं कुणाला जमणार? संसद नमली. अडलेला तिढा सुटला हे खरं. पण त्याच वेळी लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहावर राजाज्ञेचा दाब टाकायची सवयही लागली. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं बीज मला इथेच दिसतं.

युद्धाच्या बाबतीत त्याचं मन काय होतं? ऑगस्ट १८९४ मध्ये चीनशी युद्ध जाहीर झालं. इसेच्या देवस्थानी आणि वडिलांच्या समाधीकडे ते कळवायला कुणाला पाठवायचं, असं राजवाड्याच्या मंत्र्यानं विचारलं. सम्राटानं झिडकारलं. हे युद्ध आपल्या इच्छेनं झालेलं नाही, मंत्र्यांनी दुसरा मार्ग नाही म्हटल्यामुळे आपण मान्य केलं, असं तो म्हणाल्याची नोंद त्याच्या अधिकृत चरित्रात आहे. दुसऱ्या दिवशी राग निवळला आणि दूत पाठवले गेले. मग सप्टेंबरपासून पुढचे सात महिने तो हिरोशिमाच्या लष्करी मुख्यालयात एका साध्या खोलीत राहिला. आघाडीवरच्या सैनिकांना जे मिळत नाही ते मला नको, म्हणून सुखसोयी नाकारत राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत : युद्ध त्याला नको होतं, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याच्या तिथल्या राहण्यानंच ते राष्ट्राचं युद्ध झालं. १९०४ मध्ये रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा त्यानं पाच ओळींची कविता लिहिली. आशय असा : चारी दिशांच्या समुद्रांवरची माणसं भावंडं मानतो आपण, मग हे वारे आणि लाटा का खवळाव्यात? त्याच्या नातवानं, हिरोहितोनं, ६ सप्टेंबर १९४१ च्या बैठकीत सेनापतींसमोर हीच कविता वाचून दाखवली. तीन महिन्यांनी पर्ल हार्बर झालं.

सामान्य जपानी माणूस सम्राटाकडे कसं पाहत होता, ते एका प्रसंगात दिसतं. आशिओच्या तांब्याच्या खाणीचं विष वातारासे नदीत उतरून खालच्या गावांची शेतं जळत होती. तानाका शोझो हा तिथला खासदार दहा वर्षं संसदेत ओरडत राहिला. शेवटी त्यानं खासदारकीचा राजीनामा दिला आणि १० डिसेंबर १९०१ रोजी, सम्राट संसदेहून परतत असताना, हातात अर्ज उंच धरून तो थेट त्याच्या बग्गीच्या दिशेनं धावला. त्याला वाटेतच पकडलं. वेड्यात काढून सोडून दिलं. खाण चालूच राहिली. आधुनिक जपानकडे तोवर घटना, संसद, वर्तमानपत्रं, न्यायालयं सारं होतं. तरी नाडलेल्या माणसाला शेवटचा दरवाजा बग्गीचाच वाटला आणि तो उघडला नाही.

महाराष्ट्रात १९०५ नंतर जपानचं मोठं वेड होतं. रशियासारख्या युरोपीय सत्तेला आशियाई देशानं हरवलं, याचा आनंद इथल्या वर्तमानपत्रांतून ओसंडत होता आणि मिकाडोचं, म्हणजे जपानच्या सम्राटाचं, नाव लोकांच्या तोंडी होतं. पण आपल्याकडच्या ज्या माणसानं जपानकडून सर्वांत टिकाऊ गोष्ट घेतली, तो मिकाडोकडे पाहत नव्हता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि १९१६ मध्ये त्यांनी इथे महिला विद्यापीठ उभं केलं. टोकियोचं ते विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे जिन्झो या शिक्षकानं काढलेलं होतं, सम्राटानं नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सम्राटाच्या खात्यावर सारंच जमा करायची चूक सहज होते. फुकुझावा युकिची या विचारवंताची केइओ ही शाळा मेइजी राजवटीच्या आधीची. शिबुसावा एइइची हा उद्योजक सरकारी नोकरी सोडून बँकिंगमध्ये गेला. तोकुगावा काळातच गावोगावच्या तेराकोया शाळांतून मुलं वाचायला, हिशेब करायला शिकत होती. मुंबईहून कोबेला कापूस नेणारी जहाजं १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं सुरू केली, त्यातही राजाज्ञेचा भाग नव्हता. तयार समाजाला सम्राटाचं नाव मिळालं, म्हणून गती आली. नुसत्या नावानं हे झालं नसतं.

आता शेवटचा भाग, लष्कर. ४ जानेवारी १८८२ रोजी सम्राटानं सैनिकांसाठीची आज्ञा लष्करमंत्री ओयामा इवाओच्या हाती स्वतः दिली. ती सरकारमार्फत गेली नाही, आणि हे मुद्दामच तसं केलं होतं. सैन्य थेट सम्राटाचं, मंत्रिमंडळाचं नव्हे, ही लष्कराचा मोठा नेता यामागाता आरितोमो याची भूमिका. सैनिकांनी राजकारणात पडू नये, हा तिच्यामागचा हेतू. चार वर्षांपूर्वी खुद्द राजरक्षक दलानं पगारासाठी बंड केलं होतं. घटनेच्या अकराव्या कलमानं सेनापतीपद सम्राटाकडे दिलं. मेइजी सम्राट असेपर्यंत ही रचना चालली, कारण इतो आणि यामागाता दोघेही त्याच्यासमोर एकाच खोलीत बसत आणि दोघांनाही तो चाळीस वर्षं ओळखत होता. कागदावर मंत्रिमंडळ आणि लष्कर यांना जोडणारा दुवा कुठेच नव्हता. दुवा होता तो या एका माणसाच्या डोक्यात. त्याच्या नावानं १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला गेला, तेव्हाही तो दुवा शाबूत होता, म्हणून तो नेहमी चांगल्याच कामाला आला असं म्हणता येत नाही.

३० जुलै १९१२ रोजी तो गेला. मुलगा योशिहितो आजारी प्रकृतीचा. इतोचा १९०९ मध्येच हार्बिनला खून झाला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, लष्करानं दोन नव्या डिव्हिजन मागितल्या आणि पंतप्रधान साइओन्जीच्या मंत्रिमंडळानं पैसे नाहीत म्हणून नकार दिला. लष्करमंत्री उएहारा युसाकुनं पंतप्रधानाला टाळून राजीनामा थेट नव्या सम्राटाकडे नेऊन दिला आणि लष्करानं त्याच्या जागी दुसरा माणूस द्यायला नकार दिला. मंत्रिमंडळ पडलं. पुढचा पंतप्रधान कात्सुरा तारो विरोधकांना गप्प करायला राजाज्ञा काढू लागला, तेव्हा फेब्रुवारी १९१३ मध्ये ओझाकी युकिओ या खासदारानं संसदेत उभं राहून सुनावलं की या लोकांनी सिंहासनाची तटबंदी केली आहे आणि राजाज्ञांच्या गोळ्या झाडून ते विरोधकांना लोळवतात. लोकांनी संसदेला वेढा घातला आणि कात्सुराला काही दिवसांतच जावं लागलं. त्यानंतरच्या यामामोतोच्या मंत्रिमंडळानं लष्करमंत्री सेवेतलाच जनरल असावा ही अट सैल केली. १९३६ मध्ये लष्करानं ती पुन्हा घट्ट करून घेतली.